मागेल त्याला काम

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी पुढे गेलेली होती, आणि त्यांपैकी सुमारे पन्नास लक्ष स्त्रीपुरुष, म्हणजे दर दहा माणसांमागे एक, सरकारी दुष्काळी कामांच्या हजेरीपटावर होते. अहमदनगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांतून, सांगलीच्या पूर्वेकडील जत-आटपाडीपासून साताऱ्याच्या माण-खटावापर्यंत, कोणत्याही रस्त्याने जावे तो कडेला खडीचे ढीग आणि त्या ढिगांपाशी उकिडवी बसलेली माणसे दिसत. पुरुषाने घणाने धोंडा फोडावा, बाईने हातोडीने त्याची खडी करावी, पोराने ती घमेल्यात भरून ढिगावर टाकावी, मग ढिगाचे मोजमाप व्हावे आणि त्या मोजमापावर मजुरी पडावी, असा क्रम महिनोन् महिने चालला होता. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनच्या दुकानात मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे. तिच्या भाकरीची चव त्या पिढीतील माणसे अजूनही विसरलेली नाहीत आणि तिच्याविषयी ती अजूनही चांगले बोलत नाहीत.

पावसाने ओळीने तीन वर्षे पाठ फिरवली होती. तिसऱ्या वर्षी राज्यातील धान्याचे उत्पादन नेहमीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. विहिरी आटल्या, गुरे बाजारात मातीमोलाने गेली, आणि दोन-चार एकरांचा खातेदार शेतकरीदेखील, ज्याच्या घरी एरवी मजूर येत, तो स्वतः कुदळ घेऊन मुकादमापुढे उभा राहिला. त्याच सुमारास आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील सहेल प्रदेशातही अवर्षण पडले होते आणि तेथे फार मोठी प्राणहानी झाली. पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या जाँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की माणशी उपलब्ध असलेले धान्य त्या सहेलच्या देशांहूनही महाराष्ट्रात कमी होते. आणि तरीही येथे भूकबळींच्या राशी पडल्या नाहीत. धान्य कमी आणि मृत्यूही कमी, हा विरोधाभास कसा संभवला, आणि त्यातून पुढे जगात अपवादात्मक ठरलेला एक कायदा कसा जन्मास आला, ही हकीकत सांगण्याजोगी आहे. कारण तिच्यात पर्जन्यमानाइतकाच मतपेटीचा आणि मतपेटीइतकाच जमाखर्चाच्या वहीचा भाग आहे.

तुलनेसाठी आफ्रिकेत जाण्याचीही आवश्यकता नाही. याच दख्खनच्या पठारावर १८७६ ते १८७८ या काळात जो महादुष्काळ पडला, त्या वेळीही सरकारने कामे काढली होती, त्या वेळीही लोक खडी फोडीत होते. परंतु कलकत्त्याच्या सरकारने खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना फिरतीवर धाडले, आणि त्यांच्या हिशेबाप्रमाणे धट्ट्याकट्ट्या पुरुषाची रोजची मजुरी एक रत्तल धान्य व वर एक आणा इतक्यावर उतरविण्यात आली. त्या मजुरीत माणूस जगत नाही, हे कामावरच्या माणसाला दुसऱ्या आठवड्यातच कळले. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील मजुरांनी हजारोंच्या संख्येने काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जावर अर्ज केले. अर्ज उत्तम इंग्रजीत होते, आकडे बिनचूक होते, आणि ज्यांच्याकडे ते जात होते त्या अधिकाऱ्यांना मजुरांच्या मतांची गरज नव्हती. मागाहून फॅमिन कमिशन बसले, दुष्काळी कायदेसंहिता झाली, आणेवारी कशी काढावी, सारा तहकूब केव्हा करावा, तगाई कोणास द्यावी, याचे नियम ठरले. ही संहिता काही टाकाऊ नव्हती. स्वतंत्र महाराष्ट्राच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १९७२ साली जी यंत्रणा चालवली तिचा सांगाडा तोच होता. मात्र संहितेच्या मुळाशी सरकारच्या कृपेची कल्पना होती. दुष्काळ जाहीर करणे न करणे सरकारच्या हाती, आणि जाहीर झाल्यावाचून काम मागण्याचा अधिकार कोणासही नाही.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले तेव्हा त्याच्या पदरी हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत शहर आणि अत्यंत कोरडवाहू असा मोठा मुलूख एकत्रच पडला. सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिकामे होतात आणि अलीकडे पर्जन्यछायेत काळ्या पाषाणावर पातळ माती पसरलेली. खाली पाणी मुरायला जागा नाही, वर धरणाला सोईचे खोरे थोडे. सिंचनाची शक्यता तपासण्यासाठी १९६० साली स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. पण कितीही धरणे बांधली तरी बहुतांश शेती पावसाच्या भरवशावरच राहणार, हे उघड होते. ज्या थोड्या पट्ट्यांत पाणी पोचले तेथे ऊस उभा राहिला, उसाबरोबर सहकारी कारखाना, कारखान्याबरोबर बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी. राज्यकर्त्या काँग्रेस पक्षाची ग्रामीण मांड या बागायती वर्गावर बसलेली होती. परंतु निवडून येण्यासाठी लागणारी मते मात्र कोरडवाहू शेतकऱ्याची आणि भूमिहीनाची होती, आणि ही दुसरी जमात मुकी राहिलेली नव्हती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी केलेल्या सत्याग्रहाची आठवण ताजी होती. जमीन वाटायची म्हटले तर ती ज्यांच्याकडून काढून घ्यावयाची तेच पक्षाचे आधारस्तंभ. जमीन न वाटता भूमिहीनाला काय देता येईल, हा प्रश्न त्यामुळे दुष्काळाच्या आधीपासूनच मंत्रालयाच्या दारात उभा होता.

त्याला एक उत्तर सांगलीकडून आले. विधानपरिषदेचे सभापती विठ्ठल सखाराम पागे हे त्याच जिल्ह्यातले, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले. १९६० पासून अठरा वर्षे सभापतीच्या आसनावर बसलेल्या या सौम्य प्रकृतीच्या गृहस्थांच्या मनात एकच विचार घोळत होता: ज्याच्यापाशी श्रमांवाचून दुसरे भांडवल नाही, त्याने काम मागितले तर ते त्याला मिळालेच पाहिजे, आणि ते काम गावाच्या मालमत्तेत भर घालणारे असले पाहिजे. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली या विचाराचा लहानसा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना तो पटला. दशकाच्या अखेरीस काही जिल्ह्यांत तो विस्तारला आणि लोक त्याला पागे योजना म्हणू लागले. विद्वानांच्या बाजूनेही पाठबळ आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात जमिनीच्या फेरवाटपाने गरिबी हटणार नाही, सार्वजनिक कामांवर व्यापक रोजगार देणे हाच मार्ग आहे, असा निष्कर्ष होता. या निष्कर्षातील शास्त्र किती आणि जमीनदारांना त्यात वाटलेला दिलासा किती, यावर त्या काळी पुष्कळ वाद झाला. राजकर्त्यांना मात्र तो सोईचा होता, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आणि मग दुष्काळ आला. १९७२ च्या मार्चमध्ये विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या, ‘गरिबी हटाव’ ही घोषणा भिंतींवरून पुसली गेलेली नव्हती, आणि त्याच वर्षी मृगाने व त्यामागच्या नक्षत्रांनी दगा दिला. एवढे प्रचंड बहुमत असलेल्या सरकाराला विरोधकांची धास्ती नसावी, असे वाटण्याचा संभव आहे. घडले ते उलट. कामावर जमलेली माणसे ही विखुरलेल्या शेतमजुरांसारखी एकटीदुकटी नव्हती. एका बांधावर पाचशे, एका रस्त्यावर हजार अशी ती एकत्र आली होती, आणि एकत्र आलेल्या माणसाला आपली संख्या दिसते. मजुरी तीन आठवडे थकली की तहसील कचेरीवर मोर्चा येई. मोजमापात मेस्त्रीने हात मारला की घेराव होई. खोटी नावे हजेरीपटावर चढली की ते विधानसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला निघे. शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी, रिपब्लिकन, ज्याच्या हाती जो तालुका होता तेथे तो कामावर जाऊन बसला. शहादे तालुक्यात आदिवासींची श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, कारण गावाकडच्या टंचाईची झळ शहरातल्या गोडेतेलाला आणि गव्हाला लागली होती. जिल्हा वृत्तपत्रांतून रोज अमुक गावी काम बंद, तमुक गावी पाणी नाही, अशा बातम्या येत. आणि त्या बातम्या वाचणारा आमदार दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत बसलेला असे. सार्वजनिक सभेच्या अर्जांना जे साधले नाही ते या आमदारांच्या धाकाने साधले, कारण त्यांना पुन्हा त्याच गावी मते मागायला जायचे होते.

पैसा कोठून आला, तर आधी तो खर्च झाला आणि मग त्याची तजवीज लागली. राज्याने तिजोरीची पर्वा न करता कामे उघडली आणि केंद्रापुढे तगादा लावला. एका गोष्टीची नोंद मात्र अवश्य केली पाहिजे. केंद्राकडून आलेले धान्य गरजेच्या मानाने अपुरे होते, राज्याराज्यांमधील धान्याच्या वाहतुकीवर निर्बंध होते, १९७३ मध्ये तर गव्हाचा घाऊक व्यापारच सरकारने हाती घेतला. पण मजुराच्या कनवटीला रोख पैसा आला होता, आणि पैसा जेथे असतो तेथे धान्य चोरवाटेने का होईना येते. शेजारच्या राज्यांतून नाके चुकवून ज्वारी-बाजरी मराठवाड्याच्या बाजारांत येत राहिली. सरकारने एका हाताने मजुरी दिली आणि दुसऱ्या हाताने व्यापार अडवला. सुदैवाने दुसरा हात पहिल्याइतका समर्थ नव्हता.

पाऊस पडला, माणसे शेतावर परतली, आणि एरवी प्रत्येक दुष्काळानंतर जे होते ते म्हणजे विस्मरण, ते होण्याची वेळ आली. त्याऐवजी दुष्काळात बाजूला पडलेली पागे योजना रोजगार हमी योजना या नावाने १९७४ मध्ये पुन्हा चालू झाली. पैशाची कायमची सोय हवी होती, आणि येथे या कथेतला सर्वांत चतुर भाग येतो. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने राज्यांना धंदा-नोकरी करणाऱ्यांवर अल्पसा कर बसविण्याची मुभा दिलेली आहे. त्याची मर्यादा त्या वेळी वर्षाला २५० रुपये होती. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा करून गिरणीतला कारकून, बँकेतला अधिकारी, वकील, डॉक्टर, दुकानदार या सर्वांच्या कमाईवर तो बसविला. त्याच्या जोडीला मोटारगाड्यांवरील कर, विक्रीकरावरील अधिभार, शहरांतील बिगर-निवासी इमारतींवरील उपकर आणि बागायती जमिनींवरीलही थोडासा उपकर, अशी जुळवाजुळव झाली. आणि जितके जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. निधीचा फार मोठा भाग अर्थातच मुंबईतून येणार होता.

शहराने हे मुकाट्याने का सोसले? करुणा हे एक कारण असेल. दुष्काळाचे फोटो घरोघर पोचले होते. दुसरे कारण मुंबईच्या पदपथांवर पडलेले होते: गावात काम मिळाले तर माणूस व्ही. टी. स्टेशनावर उतरणार नाही, हा हिशेब शहरी माणसाला समजावून सांगावा लागत नव्हता. बागायतदाराची संमतीही अशीच हिशेबी होती. उन्हाळ्यात मजुराला काम मिळाले की तो गाव सोडत नाही, आणि खरिपाला पेरणी-खुरपणीस हाताशी राहतो. शिवाय मजुराच्या कुदळीने जो पाझर तलाव खोदला जाणार, जो बांध घातला जाणार, जो रस्ता होणार, त्याचे पाणी ज्याला विहीर आहे त्याच्याच विहिरीत उतरणार, आणि त्या रस्त्याने ज्याच्याजवळ ऊस आहे त्याचाच ऊस जाणार. आमदाराला तालुक्यात दाखवायला काम मिळाले, मजुराला मजुरी मिळाली, मालकाला पाणी मिळाले, शहराला स्वस्थता मिळाली. लोकशाहीत कायदे होतात ते बहुधा असेच, एकाच ठरावाखाली चौघांनी चार निरनिराळ्या कारणांसाठी सह्या करून. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, परंतु कोणी कोणत्या कारणासाठी सही केली होती हे विसरले तर पुढचा इतिहास उलगडत नाही.

तरीही शासकीय ठराव म्हणजे कायदा नव्हे; ठराव रद्द करायला एक फाईल पुरते. कायद्याची मागणी विरोधी पक्षांनी आणि मजूर संघटनांनी लावून धरली होती, आणि तिला मुहूर्त लाभला तो राजकीय पराभवाचा. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी अवघ्या २० जागा काँग्रेसला मिळाल्या. मुख्यमंत्रिपदी वसंतदादा पाटील आले. पुढच्या वर्षाच्या आरंभी विधानसभेची निवडणूक होती. त्या १९७७ सालीच रोजगार हमीचे विधेयक मंजूर झाले. पाच वर्षांपूर्वी २२२ आमदारांच्या जोरावर जे करण्याची निकड वाटली नव्हती, ते पाय डळमळू लागताच झाले. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, आणि तोपर्यंत मुख्यमंत्रीही बदलून शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले होते. सत्तांतर होऊनही कायद्याच्या मजकुराला धक्का लागला नाही.

कायदा वाचायला सोपा आहे. खेड्यातील अठरा वर्षांवरील कोणाही स्त्रीपुरुषाने नाव नोंदवावे, काम मागावे. मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास सरकारने बेकारी भत्ता द्यावा, किमान रोजचा एक रुपया. काम अकुशल असावे, खर्चाचा किमान साठ टक्के भाग मजुरीवर जावा, मध्ये ठेकेदार नसावा, कामावर पिण्याचे पाणी, औषधाची पेटी आणि तान्ह्या मुलांसाठी सावली असावी. प्रत्यक्षात त्या एका रुपयापर्यंत पोचणे फार कठीण ठरले. नवे काम उघडायला पन्नास मजूर जमावे लागत. नोंदणीचा अर्ज वेगळा, मागणीचा वेगळा, आणि मागणी लेखी घेऊन तिची पोच देणे म्हणजे स्वतःच्या गळ्यात पंधरा दिवसांची मुदत अडकवून घेणे, हे कचेरीतल्या कारकुनाला कायदा करणाऱ्यांपेक्षा चांगले उमगले होते. म्हणून अर्ज तोंडी ऐकला जाई, ‘बघू, येत्या सोमवारी या’ असे सांगितले जाई, आणि पोचपावती मिळत नसे. संघटना असलेल्या तालुक्यात बायका कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून पावती घेत. नसलेल्या तालुक्यात त्या दुसऱ्याच्या शेतावर जात. हमी सर्वांना एकच होती, पण ती वसूल करण्याचे बळ सारखे नव्हते.

असे असूनही तिने जे केले ते थोडके नाही. कामावर येणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, आणि मोजमापाच्या दरात बाई व पुरुष असा भेद नव्हता. ज्या शेतांवर बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळे त्या शेतांच्या मालकांना ही गोष्ट रुचली नाही. पागे आणि त्यांचे सहकारी मजूर म्हणून ज्याची कल्पना करीत होते, तो बहुधा पुरुष होता. योजनेचा खरा आधार मात्र बायकांनी घेतला.

पहिली मोठी परीक्षा १९८८ मध्ये झाली. शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट करण्यात आले आणि रोजगार हमीचा दर त्याच्याशी बांधलेला असल्यामुळे तोही वाढला. वाढलेल्या मजुरीस अधिक माणसे यावीत. परंतु पुढच्या काही वर्षांत कामाचे दिवस निम्म्याहूनही खाली आले. अर्थतज्ज्ञांनी त्याचा जो अर्थ लावला तो सरळ आहे: निधी होता तेवढाच, म्हणून कामेच कमी उघडली गेली. माझ्या मते त्यामागे आणखी एक गोष्ट होती. पूर्वी हमीची मजुरी शेतावरच्या मजुरीच्या खाली राही, तेव्हा मालकाला तिचे भय नव्हते. ती वर गेली तेव्हा त्याच्या सहीमागचे कारण संपले. १९९० च्या सुमारापासून निधीचा ओघ हळूहळू वैयक्तिक लाभाच्या कामांकडे वळला: जवाहर विहिरी आल्या, आणि रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. कोकणात हापूस आणि काजू, सोलापूर-सांगलीकडे डाळिंब व बोर, अशा लक्षावधी एकर बागा तिच्यातून उभ्या राहिल्या. फळबाग योजनेला यशस्वी न म्हणणे अन्यायाचे होईल. पण बाग लावण्यासाठी आधी सातबाऱ्यावर नाव लागते, आणि ज्याच्यासाठी हा कायदा झाला त्याच्याजवळ सातबारा नव्हता.

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यातून त्याचा आरंभ झाला. कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवस ही मर्यादा त्यात नवी होती; पंधरा दिवसांची मुदत, ठेकेदारास मज्जाव, बेकारी भत्ता, हे बाकीचे साहित्य महाराष्ट्राच्या कायद्यातले होते. वि. स. पागे हे पाहायला नव्हते; १९९० मध्येच त्यांचे निधन झाले होते. मधल्या काळात व्यवसाय कराची घटनात्मक मर्यादा २५० वरून २,५०० रुपयांवर गेली. महाराष्ट्रातील पगारदाराच्या चिठ्ठीत तो आजही दरमहा २०० रुपये कापला जातो, आणि वर्षाची बेरीज जुळावी म्हणून फेब्रुवारीत ३००.